मेदपेशीत मेदाचे विघटन नेमके कोणते विकर (एन्झाइम) सुरू करते?

प्रश्न
मी जीवरसायनशास्त्रात एम.एस्सी. करते. आमच्या जुन्या पाठ्यपुस्तकानुसार ॲड्रेनलिनमुळे सायक्लिक एएमपी (पेशीतला निरोप्या रेणू) वाढते, त्याने प्रोटीन कायनेज-ए हे विकर कार्यान्वित होते आणि ते हॉर्मोन-सेन्सिटिव्ह लायपेज (एचएसएल) या मेद तोडणाऱ्या विकराला फॉस्फेट जोडते, की विघटन सुरू. वर्गात मात्र बाईंनी सांगितले की सुरुवात एटीजीएल (ॲडिपोज ट्रायग्लिसराइड लायपेज) हे वेगळेच विकर करते. मग त्यावर संप्रेरकांचा ताबा कसा चालतो?

उत्तर १
बाईंचे म्हणणे बरोबर आहे. एचएसएलचे जनुक काढून टाकलेल्या उंदरांच्या मेदपेशींतूनही मेदाम्ले बाहेर पडत होती आणि पेशींत डायग्लिसराइड (ट्रायग्लिसराइडमधून एक मेदाम्ल सुटल्यावर उरणारा मेद) साचत होते. पहिली पायरी एचएसएलची असती, तर ट्रायग्लिसराइडच, म्हणजे साठवलेला मूळ मेदच, अडून राहिले असते. 2004 मध्ये एटीजीएल सापडले, तेव्हा हे कोडे सुटले.

ताब्याची खरी जागा मेदाच्या थेंबावरील पेरिलिपिन-१ या प्रथिनात आहे. पेशी शांत असताना ते सीजीआय-58 नावाच्या साहाय्यक प्रथिनाला धरून ठेवते. कायनेजने पेरिलिपिनला फॉस्फेट जोडले, की सीजीआय-58 मोकळे होऊन एटीजीएलला जाऊन मिळते आणि त्या विकराचा वेग वाढतो. त्याच वेळी एचएसएल पेशीद्रवातून थेंबापाशी येऊन डायग्लिसराइड तोडते. म्हणजे आपल्या पाठ्यपुस्तकातली कायनेजपर्यंतची साखळी चुकीची नाही, त्यात एटीजीएल आणि पेरिलिपिन तेवढे राहून गेले आहेत.

उत्तर २
या विघटनाच्या ब्रेकबद्दलही लिहायला हवे. इन्शुलिन पीडीई-3बी या विकराला चालना देते, ते सायक्लिक एएमपी नष्ट करते आणि विघटन मंदावते. स्नायूंत ग्लुकोज शिरण्यासाठी लागते त्याहून बऱ्याच कमी इन्शुलिनवर हे घडते. म्हणूनच, टाइप-१ मधुमेहाच्या रुग्णाने ‘आज जेवलो नाही’ म्हणून इन्शुलिन पूर्णच टाळले, की मला फार काळजी वाटते: ब्रेक सुटतो, मेदाम्ले यकृताकडे धावतात आणि कीटोॲसिडोसिस (कीटोन साचून रक्त आम्लधर्मी होणे) जिवावर बेतू शकतो.

उत्तर ३
प्रयोग करणार असाल तर कोलॅजिनेजने (पेशींमधले कोलॅजेन तोडणारे विकर) ऊतीतल्या पेशी सुट्या करा. मेदपेशी दुधावरच्या सायीसारख्या वर तरंगतात. विघटन मोजताना मेद तुटल्यावर मेदाम्लांसोबत सुटणाऱ्या ग्लिसरॉलवर भर द्या, कारण सुटलेली काही मेदाम्ले पेशी पुन्हा साठवते, ग्लिसरॉल मात्र तिला फारसे वापरता येत नाही. उंदरावरचे निष्कर्ष माणसाला सरसकट लावू नका: हृदयातून स्रवणारे एएनपी हे संप्रेरक माणसाच्या मेदपेशीत सायक्लिक जीएमपी या दुसऱ्या निरोप्या रेणूच्या वाटेने विघटन वाढवते, उंदराच्या मेदपेशीत तो परिणाम जवळपास दिसत नाही.