‘बकिंगहॅमच्या चौपट’ : शंकास्पद विधानावर खूण करावी की ते काढून टाकावे?

सुरसागर_काठ (बडोदे)
मराठी विकिपीडियावर बडोद्यातील जुन्या वास्तूंविषयी मी अधूनमधून लिहितो. लक्ष्मी विलास राजवाडा बकिंगहॅम राजवाड्याच्या चौपट आहे, हे वाक्य दांडिया बाजारात वाढलेल्या माझ्यासारख्याने लहानपणापासून ऐकलेले आहे आणि आल्यागेल्या पाहुण्यांना ऐकवलेलेही आहे. लेखात घालताना मात्र हात अडखळला, कारण चौपट म्हणजे बांधकाम, आवार की खोल्या, हे कुठेच सांगितलेले नाही. असे वाक्य गाळावे, की पुढे ‘संदर्भ हवा’ हा साचा, म्हणजे विकिपीडियावरची तयार खूण, लावून वाचकाला सावध करावे? हीच शंका राजवाड्याचे वास्तुकार मेजर चार्ल्स मांट यांच्याविषयी आहे. आपल्या आकडेमोडीत चूक राहिली, वाडा कोसळणार, या धास्तीने त्यांनी जीव दिला, असे येथे सांगतात.

जुनी_वही (ग्वाल्हेर)
ही दोन प्रकरणे वेगळी आहेत. लक्ष्मी विलासचे क्षेत्रफळ ३,०४,९२,००० चौरस फूट आणि बकिंगहॅमचे ८,२८,८२१ चौरस फूट, असे आकडे इंटरनेटवर सर्रास फिरतात. एका एकरात ४३,५६० चौरस फूट असतात. पहिल्या आकड्याला त्याने भागून पाहा, बरोबर ७०० येतात आणि बाकी शून्य उरते. राजवाड्याचे आवारही ७०० एकरांचेच सांगितले जाते. म्हणजे इकडे बागा आणि मैदाने धरून सारी जमीन मोजली आणि तिकडे फक्त मजल्यांची जागा. बरे, हे आकडे खरे धरले तरी उत्तर जवळजवळ सदतीसपट येते, तेव्हा चौपटीला त्यांचाही आधार नाही. ‘संदर्भ हवा’ याचा अर्थ हे अजून कोणी पडताळलेले नाही, इतकाच आहे. पडताळणीत जे टिकले नाही ते सरळ काढावे आणि कारण चर्चा पानावर, म्हणजे लेखाला जोडलेल्या संपादकांच्या चर्चेच्या पानावर, लिहावे.

मांट १८८१ साली वारले, पुढचे काम रॉबर्ट फेलोज चिझम यांनी पाहिले आणि वाडा १८९० साली पुरा झाला, एवढे निःशंक लिहिता येते. धास्तीची गोष्ट आख्यायिका म्हणून ठेवायला हरकत नाही, मात्र ती कोण सांगतो हे लिहिले पाहिजे. नुसत्या ‘असे म्हणतात’ने लेखकाची सुटका होते, वाचकाची होत नाही.

मल्हारगंज (इंदूर)
वरील मत मान्य आहे, परंतु खूण कुठे लावायची याकडे आपण फार कमी लक्ष देतो. ‘सयाजीराव महाराजांनी १८९३ साली संपूर्ण संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले’ असे वाक्य घ्या. १८९३ साली तो प्रयोग अमरेली भागात झाला आणि सबंध संस्थानाला सक्ती लागू झाली ती १९०६ साली. ज्याला १९०६ ठाऊक नाही, पण व्याप्तीविषयी शंका आली आहे, त्याने वाक्याच्या शेवटी साचा लावला तर वाचक वर्षावर संशय घेतो, आणि वर्ष तर बरोबर आहे! साचा ‘संपूर्ण संस्थानात’ या शब्दांना चिकटूनच हवा. इंग्रजी विकिपीडियावर साच्यात शंकेचे कारण लिहिण्याची सोय आहे आणि खुणेवर माऊस नेला की ते दिसते. मोबाइलवर वाचणाऱ्याला त्याचा उपयोग नाही, म्हणून कारण चर्चा पानावरही असावे. जिवंत व्यक्तींविषयीची बिनसंदर्भाची वादग्रस्त विधाने मात्र खुणेसाठी थांबवू नयेत, ती तत्काळ काढावीत, असाच तेथील नियम आहे.

मांडवीकर (बडोदे)
संदर्भ मिळाला म्हणून खूण काढण्याची घाई करू नये, हे मी ठेच लागून शिकलो. एका लेखात वर्तमानपत्राच्या पुरवणीचा संदर्भ देऊन मी साचा काढला होता. पुढे निवांतपणे वाचले तेव्हा ध्यानात आले की पुरवणीतला परिच्छेद आमच्याच लेखातून उचललेला आहे, माझ्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकीसकट. (ती चूक लेखात आम्ही दुरुस्त केली होती, पुरवणीत ती कायमची राहिली.) तेव्हापासून लेखातील बदलांची नोंद दाखवणाऱ्या ‘इतिहास पाहा’मध्ये जाऊन विधान लेखात केव्हा आले ते आधी बघतो आणि छापील मजकुराची तारीख त्याच्या नंतरची असेल तर तो पुरावा धरत नाही. संस्थानाविषयीच्या विधानांसाठी गोविंदभाई देसाई आणि क्लार्क यांचे १९२३ सालचे बडोदे संस्थानाचे गॅझेटियर आधी उघडावे. ते विकिपीडियावरून उतरवलेले असण्याची भीती तरी नाही.

सुरसागर_काठ (बडोदे)
सर्वांचे आभार. ‘चौपट’ काढले आणि ७०० एकरांचा भागाकार चर्चा पानावर मांडला. मांट यांची तारीख आणि चिझम यांचे काम वेगळ्या वाक्यात लिहिले; धास्तीची गोष्ट ‘बडोद्यात सांगितली जाणारी कथा’ म्हणून ठेवली असून ती छापील रूपात सापडेपर्यंत साचा तेवढ्याच वाक्यावर राहील. आज सकाळी पाहतो तो ‘चौपट’ कोणीतरी परत घातले आहे, या वेळी एका पुरवणीच्या संदर्भासह. तिची तारीख शोधत आहे.