मदत हवी आहे: जुनी मारुती 800 थंडीतल्या पहाटेसाठी नीट करायची आहे

नमस्कार मंडळी,

आमच्याकडे सासऱ्यांची 1996 सालची मारुती 800 आहे. कार्बोरेटरवाली, चार गिअरची. पासिंग चालू आहे, पत्रा खालून सडलेला नाही, सायलेन्सरमधून निळा धूर येत नाही. एरवी ती कर्वेनगरमधून मंडई, दवाखाना, बँक एवढीच फिरते आणि कधी त्रास देत नाही. प्रश्न आहे तो हिवाळ्याचा.

नारायणगावच्या पुढे आमची थोडी द्राक्षबाग आहे. ऑक्टोबर छाटणी झाली की माल उतरेपर्यंत बाबांचा, म्हणजे सासऱ्यांचा, मुक्काम बहुतेक तिथेच, आणि गाडी त्यांच्याबरोबर. डिसेंबर-जानेवारीत थंडी वाढली की मण्यांची फुगवण थांबते, भुरी रोगाची धास्ती असते, लोक बागेत शेकोट्या पेटवून धूर करतात. म्हणजे ज्या पहाटे घराबाहेर पडू नये असं वाटतं, नेमकं त्याच पहाटे बाबांना वस्तीवरून बागेत जावं लागतं. अंतर फार नाही, पण रस्ता दोन्ही बाजूंनी उसातला. आमच्या भागात बिबट्याचं काय आहे ते जुन्नरकरांना सांगायला नको. अशा ठिकाणी अंधारात गाडी बंद पडावी आणि सत्तरी ओलांडलेल्या माणसाला बॉनेट उघडून उभं राहावं लागावं, हे मला नको आहे. 'विका आणि नवी घ्या' हा सल्ला मात्र कृपया देऊ नका. बाबा दुसरी गाडी चालवायला तयार नाहीत, हिचा क्लच-ब्रेक त्यांच्या पायात बसलेला आहे.

आता लक्षणं सांगते.

पुण्यात पार्किंगमध्ये छपराखाली असते तेव्हा चोक (थंड इंजिनाला जास्त पेट्रोल देणारा खटका) ओढला की दुसऱ्या सेल्फला चालू होते. वस्तीवर मात्र ती उघड्यावर असते, सकाळी टपावरून दवाचं पाणी ओघळत असतं. तिथे पूर्ण चोक ओढून सेल्फ मारला की इंजिन पकडतं, चार-पाच सेकंद फडफडतं आणि बंद. पुन्हा मारलं की पेट्रोलचा वास यायला लागतो. मागच्या आठवड्यात मी स्वतः प्लग काढून पाहिले: तिन्ही ओले, आणि टोकाला काजळीसारखा काळा मऊ थर. पुसून, गॅसवर जरा तापवून परत लावले तेव्हा गाडी चालू झाली.

बॅटरी दोन वर्षांची आहे. मल्टिमीटर लावला तर रात्रभर उभ्या गाडीला 12.4 व्होल्ट दिसले आणि सेल्फ मारताना आकडा 9.2 पर्यंत खाली आला. इंजिन चालू असताना 14 च्या आसपास असतो.

आणखी एक गोष्ट, जी मला जास्त खटकते. हायवेला चाकणपासून मंचरपर्यंत सलग चालवली तरी तापमानाचा काटा खालच्या पाव भागातून वर सरकत नाही. गॅरेजमध्ये विचारल्यावर कळलं की पूर्वी कधीतरी थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप) काढून टाकलेला आहे. 'आपल्याकडे लागत नाही, उलट गाडी गरम होत नाही', असं उत्तर मिळालं. हीटरचे दोन्ही पाइपही आपसात जोडून टाकलेत, त्यामुळे हीटर नावालाच आहे. धुक्यात आतून काचेवर वाफ धरते आणि बाबा एका हाताने काच पुसत चालवतात.

रेडिएटरमध्ये आत्ता नुसतं पाणी आहे. एअर क्लीनरच्या नळीला खालून, एक्झॉस्टच्या बाजूने, पाइप जोडायची जागा दिसते, पण पाइप नाही.

खर्च करायची तयारी आहे, पण कामांचा क्रम कळत नाही. कार्बोरेटर आधी उघडावा की बॅटरी बदलावी? थर्मोस्टॅट परत बसवला तर उन्हाळ्यात गाडी तापेल का? आणि हल्ली पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल असतं, त्याचा याच्याशी संबंध आहे का? जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावं.

प्रतिसाद 1

ताई, प्लग उघडून बघितलेत हे फार चांगलं केलंत, अर्धं निदान तिथेच आहे.

सुरुवात थर्मोस्टॅटपासून करा. तो नसला की पाणी पहिल्या सेकंदापासून रेडिएटरमधून फिरतं आणि थंडीत इंजिन कधी पुरतं तापतच नाही. थंड इंजिनात पेट्रोलची नीट वाफ होत नाही. मग माणूस चोक जास्त वेळ ओढून ठेवतो, न जळलेलं पेट्रोल प्लग काळे करतं, थोडं सिलिंडरच्या भिंतीवरून ऑइलमध्येही उतरतं. दुसऱ्या दिवशी त्याच काळ्या प्लगवर तुम्ही गाडी चालू करायला बघता. डिपस्टिक काढून वास घ्या. पेट्रोलचा वास आला तर ऑइल लगेच बदला. 20डब्ल्यू-40 ठीकच आहे, आपल्या थंडीला त्याची अडचण नाही.

उन्हाळ्याची भीती बाळगू नका. थर्मोस्टॅट 80 अंशांच्या पुढे आपोआप उघडतो, त्यानंतर पाणी रेडिएटरमधूनच जातं. ज्याची गाडी तापते त्याचा रेडिएटर चोंदलेला असतो, पंखा चालत नसतो किंवा थर्मोस्टॅट जुना होऊन अडकलेला असतो. नवीन आणलात की बसवण्याआधी दोऱ्याला बांधून पातेल्यातल्या पाण्यात सोडा आणि पाणी उकळवा. झडप उघडताना डोळ्यांनी दिसते. जी उघडत नाही ती परत करा. त्याच वेळी रेडिएटर फ्लश करून कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर भरा. पाणी गोठण्याचा प्रश्न आपल्याकडे नाही, गंजाचा आहे.

बॅटरी: सेल्फ मारताना 9.2 म्हणजे कमीच, साडेनऊच्या खाली जाऊ नये. पण लगेच नवीन घेऊ नका. आधी टर्मिनल गरम पाण्याने धुऊन घासा, आणि इंजिनपासून बॉडीला येणारी अर्थची पट्टी सोडवून दोन्ही टोकं स्वच्छ करा. या गाड्यांत ती पट्टी हिरवी पडलेली असते आणि दोष बॅटरीला मिळतो. तरीही आकडा सुधारला नाही तर दुकानात लोड टेस्ट करून घ्या.

इथेनॉलचा संबंध आहे. त्याची वाफ व्हायला पेट्रोलपेक्षा बरीच जास्त उष्णता लागते, म्हणून गार इंजिन आणखी कुरकुरतं. शिवाय ते हवेतली ओल ओढून घेतं. पण तुमच्या गाडीच्या वयाला खरी काळजी रबराची. टाकीपासून कार्बोरेटरपर्यंतचे रबरी पाइप आणि पेट्रोल पंपाचा पडदा जुना असेल तर दोन्ही बदला. पाइप दाबून बघा, तडे दिसतील किंवा चिकट लागेल. पेट्रोल गळून एक्झॉस्टवर पडणं हा न चालू होण्यापेक्षा मोठा धोका आहे. टाकी शक्यतो भरलेली ठेवा आणि आठवडाभर गाडी नुसती उभी ठेवू नका.

एअर क्लीनरच्या त्या जागेला एक्झॉस्टवरची गरम हवा आत घेणारा पाइप असतो. थंडीत गाडी पकडल्यावर फडफडून बंद पडते, त्याला तो उपयोगी आहे. नाना पेठेत स्पेअर पार्टच्या दुकानांत विचारा, नाही मिळाला तर जुन्या बाजारात बघा.

हे सगळं झाल्यावर कार्बोरेटर. फ्लोटची पातळी आणि सुई तपासायला सांगा, आत येणारं पेट्रोल वेळेवर थांबवायचं काम त्यांचं. सुई बसत नसेल तरीही प्लग ओले होतात.

प्रतिसाद 2

वरच्या सगळ्याला सहमत. दोन गोष्टींची भर घालतो. दवात डिस्ट्रिब्युटर कॅपच्या आत ओल धरते आणि ठिणगी मध्येच पळते. अंधारात बॉनेट उघडून कोणाला तरी सेल्फ मारायला लावा, प्लगच्या वायरींवर निळसर चमक दिसली तर कॅप आणि वायरी बदला. नुसतं इंजिनावर ताडपत्री टाकून निजवलीत तरी फरक पडतो, फक्त चालू करण्याआधी ती आठवणीने काढायची.

दुसरं, उसाच्या रस्त्याचं म्हणता तर हेडलाइटला रिले बसवून घ्या. जुन्या वायरिंगमध्ये स्विचपर्यंत जाऊन येताना व्होल्टेज पडतं. रिलेने थेट बॅटरीतून करंट मिळाला की त्याच बल्बचा उजेड वाढतो. जास्त वॅटचे बल्ब टाकू नका, होल्डर वितळतो.

धागालेखिका

दोघांचेही मनापासून आभार. डिपस्टिकला खरंच पेट्रोलचा वास आहे. अर्थची पट्टी काढली तर एका टोकाला बोटाने सुटेल इतका गंज होता. घासून लावल्यावर सेल्फ मारताना 9.9 व्होल्ट दिसले, म्हणजे बॅटरी आत्ता तरी बदलत नाही. शनिवारी थर्मोस्टॅट, ऑइल, प्लग आणि पेट्रोलचे पाइप एकदमच करून घेते. ऊस तुटेपर्यंत बाबांनी एकट्याने पहाटे जायचं नाही, शेजारच्या वस्तीवरचा मुलगा बरोबर जाईल, असंही ठरलं आहे.

एकच प्रश्न उरला. हीटरचे पाइप परत जोडायचे तर आतला हीटर कोअर (इंजिनाचं गरम पाणी फिरणारी छोटी जाळी) गळतो का, हे डॅशबोर्ड न उघडता कसं तपासायचं? कोणी केलं असेल तर सांगा, गाडी शनिवारी गॅरेजला जायच्या आत कळलं तर बरं होईल.