सॉल्व्हंटची बाष्पे जाळताना मिळणारी उष्णता: वीज करावी की वाफ?

प्रश्न:
आमच्या कोटिंग विभागातून तासाला सुमारे २०,००० घनमीटर हवा बाहेर पडते आणि तिच्या दर घनमीटरमध्ये सरासरी ३ ग्रॅम टोल्युइन (कोटिंगमधून उडणारे सॉल्व्हंट, म्हणजे विद्रावक द्रव) असते. ती स्वच्छ करण्यासाठी रिजनरेटिव्ह थर्मल ऑक्सिडायझर (बाष्पे जाळून टाकणारे आणि बाहेर जाणाऱ्या वायूची उष्णता सिरॅमिकच्या थरांत साठवून आत येणारी हवा तापवणारे यंत्र) बसवण्याचे ठरले आहे. टोल्युइन जाळायचेच आहे, तर त्यावर लहान टर्बाइन चालवून वीज का करू नये, अशी विचारणा व्यवस्थापनाकडून होत आहे. हिशेब कसा मांडावा?

प्रतिसाद १:
तासाला ६० किलो टोल्युइन आणि किलोमागे सुमारे ४० मेगाज्यूल, म्हणजे जवळपास ६७० किलोवॅट उष्णता. या आकड्याने हुरळून जाऊ नये. सिरॅमिकच्या थरांनी ९५ टक्के उष्णता परत मिळवली, तरी ८०० अंशांपर्यंत तापवलेली हवा बाहेर पडताना आत येणाऱ्या हवेपेक्षा साधारण ४० अंशांनी गरम राहतेच, आणि त्यातच सुमारे २९० किलोवॅट निघून जातात. बाकीची उष्णता, दहनकक्षातून गरम वायूचा काही भाग बायपासने (सिरॅमिक टाळून वेगळ्या वाटेने) काढून घेऊन, वापरता येते. पण इतक्या लहान प्रमाणावर तिच्यातून वीज दहा-पंधरा टक्केच निघेल, आणि जवळपास तेवढीच वीज सिरॅमिकमधून हवा ढकलणारा पंखा खाईल. तीच उष्णता वाफेसाठी किंवा थर्मिक तेलासाठी (उष्णता वाहून नेणाऱ्या तेलासाठी) वापरली, तर तिचा बहुतांश भाग कामी येतो.

प्रतिसाद २:
वरील हिशेब योग्य आहे, परंतु हवेचे प्रमाण गृहीत का धरावे? वाळवणीच्या ओव्हनमधून बहुधा गरजेपेक्षा बरीच जास्त हवा ओढली जाते. तेवढेच टोल्युइन १०,००० घनमीटर हवेतून आले, तर बाहेर जाणारी उष्णता निम्म्यावर येते आणि वापरण्याजोगी उष्णता ५०० किलोवॅटच्या पुढे जाते. शिवाय पंखाही लहान लागतो. मर्यादा सुरक्षिततेची आहे: बाष्पांचे प्रमाण स्फोटाच्या किमान मर्यादेच्या (ज्या प्रमाणापासून हवेतील बाष्पे पेट घेऊ शकतात त्याच्या) २५ टक्क्यांखाली ठेवण्याची रीत आहे, आणि टोल्युइनसाठी ते घनमीटरला सुमारे ११ ग्रॅम होते. सतत मोजणारे उपकरण बसवल्याशिवाय हवा कमी करू नये. तसेच सरासरीवर विसंबू नये, कारण प्रमाण दीड ग्रॅमच्या खाली गेले की बर्नर पेटतो आणि बॉयलर विकतच्या इंधनावर चालू लागतो.

प्रश्नकर्ता:
ओव्हन थर्मिक तेलावरच चालतात, त्यामुळे टर्बाइनचा विचार बाजूला ठेवतो. सॉल्व्हंट बदलले तर?

प्रतिसाद १:
क्लोरीनयुक्त सॉल्व्हंट जळल्यावर हायड्रोजन क्लोराइड तयार होतो. मग उष्णता काढणाऱ्या नळ्यांचा धातू वेगळा निवडावा लागेल आणि शेवटी स्क्रबरही (वायू धुऊन आम्ल काढणारे उपकरण) लागेल, म्हणून हे ऑक्सिडायझरची मागणी नोंदवण्यापूर्वीच ठरवावे.