मदत हवी आहे: मामेभावाचं युनिव्हर्सल क्रेडिट (कमी उत्पन्नवाल्यांचा सरकारी भत्ता) कापलंय, आठवडाभर हातात आहे

लेस्टरची_ताई

नमस्कार. जरा लांबण लागणार आहे, सांभाळून घ्या.

माझा मामेभाऊ, वय ३१, इथे इंग्लंडात, लेस्टरमध्येच लहानाचा मोठा झाला. मामा आधीच गेले होते, मामी या फेब्रुवारीत गेली. त्यानंतर दोन महिन्यांत त्याची गोदामातली पॅकिंगची नोकरी सुटली. तेव्हापासून युनिव्हर्सल क्रेडिटवर आहे. डिप्रेशनच्या गोळ्या चालू आहेत. आलेलं पाकीट फोडत नाही, फोन उचलत नाही. भाऊबीजेला ओवाळायला गेले तर फ्रिजमध्ये अर्धा ब्रेड आणि केचप. ओवाळणी म्हणून त्याने मला मामीची एक वाटी दिली. मी काही बोलले नाही, पण दाराआडचा पत्रांचा ढीग उचलून घरी आणला.

त्यात ३ ऑक्टोबरचं पत्र सापडलं: सँक्शन, म्हणजे शिक्षा म्हणून भत्त्यात कपात. १५ सप्टेंबरला जॉबसेंटरमध्ये (भत्त्याच्या सरकारी ऑफिसात) आला नाही म्हणून. या महिन्यात घरभाड्याचा भाग तेवढा आला, बाकी शून्य.

त्याच्या शेजारी बसून त्याचं जर्नल (भत्त्याच्या ऑनलाइन खात्यातली नोंदवही) उघडलं. जूनमध्ये वर्क कोच बाईंनी (जॉबसेंटरमधल्या त्याच्या अधिकारी) त्यात स्वच्छ लिहिलंय की तब्येतीमुळे याच्या भेटी फोनवर घेऊ. ऑगस्टमध्ये कोच बदलले. नव्यांनी सकाळी ९.१० ची प्रत्यक्ष भेट लावली. याने तो मेसेज आदल्या रात्री पाहिला, रात्रभर जागा राहिला, छाती धडधडायला लागली म्हणून सकाळी १११ या आरोग्य हेल्पलाइनला फोन केला. फोनमध्ये ती नोंद अजून आहे.

आता खरी अडचण. "का आला नाहीत?" असं विचारल्यावर याने जर्नलमध्ये काय लिहावं? "सॉरी, विसरलो." बस्स, दोन शब्द. निर्णयाच्या पत्रात त्याच शब्दांवर बोट ठेवलंय.

हे फिरवता येतं का? त्याच्या वतीने मी बोलू शकते का? आणि तोवर त्याने खायचं काय? माझ्याकडे जेवतो, पण रोज यायलाही लाजतो.

खडूस_आजोबा

३१ वर्षांच्या मुलाने एक अपॉइंटमेंट पाळू नये? आमच्या वेळी असले भत्ते नव्हते. दोन महिने तुम्हीच पैसे द्या आणि विषय संपवा.

लेस्टरची_ताई

आजोबा, नऊ वर्षं रात्रपाळी करून कर भरलाय त्याने. पैसे मी देतेच आहे. प्रश्न तो नाही.

पाटी_पेन्सिल

ताई, मी काही वर्षं एका सल्ला केंद्रात फावल्या वेळात बसते. अशी प्रकरणं पाहिली आहेत. सगळ्यात आधी करायचं काम अपिलाचं नाहीच.

उद्याच जॉबसेंटरला कळवून नवी भेट ठरवा आणि ती पार पाडा. भेट चुकल्याचं सँक्शन खालच्या पातळीचं असतं, पण त्याला शेवटची तारीख नसते. माणूस जाऊन भेटेपर्यंत ते चालूच राहतं आणि वर पहिल्या वेळेला ७ दिवस धरतात. वर्षभरात पुन्हा झालं तर १४, मग २८. म्हणजे १५ सप्टेंबरपासूनचं मीटर आजही पळतंय. पंचविशीपुढच्या एकट्या माणसाचा स्टँडर्ड अलाउन्स (मूळ भत्ता) २०२५-२६ मध्ये महिन्याला ४००.१४ पौंड होता, तो दिवसाच्या हिशोबाने पूर्ण जातो. लोक पत्रव्यवहारात गुंततात आणि हेच राहून जातं.

मग मँडेटरी रिकन्सिडरेशन, म्हणजे त्याच खात्याला निर्णय पुन्हा तपासायला सांगायचं. मुदत निर्णयाच्या तारखेपासून एक महिना. उशिराचं सबळ कारण असेल तर १३ महिन्यांपर्यंत मागता येतं, पण तुमच्याकडे दिवस आहेत तर ती वेळ आणू नका. जर्नलमध्येच लिहा, तारखेसकट पुरावा राहतो.

तुमच्याबद्दल: "माझी बहीण या सँक्शनबाबत माझ्या वतीने बोलेल" असं त्याने स्वतः जर्नलमध्ये लिहायचं, तुमचं नाव आणि काय बोलायचं तेही. ही परवानगी कायमची नसते, पुढच्या कामाला पुन्हा द्यावी लागते.

खाण्याचं: हार्डशिप पेमेंट मागा. कापलेल्या रकमेच्या साधारण ६० टक्के मिळतं, पण ते कर्ज आहे, पुढच्या हप्त्यांतून वळतं करतात. आधी ती भेट झालेली लागते, म्हणून पुन्हा सांगते, भेट.

कोथरूड_ते_क्रॉयडन

फिट नोट (आजारपणामुळे काम जमत नसल्याचं डॉक्टरचं पत्र) चालू आहे का? माझ्या बायकोच्या वेळी मधे तीन आठवड्यांचा खंड पडला होता आणि सगळं तिथेच अडलं. जीपीकडून (फॅमिली डॉक्टर) सलग घ्या आणि जर्नलमध्ये कळवत राहा. आजारपण चार आठवड्यांपुढे गेलं की वर्क कपॅबिलिटी असेसमेंटकडे पाठवतात. तिथे काम करण्याची क्षमता मर्यादित ठरली तर नोकरी शोधण्याची सक्तीच जाते. मुळात हा माणूस आज नोकरी शोधणाऱ्यांच्या रांगेत का उभा आहे, हे मला कळलं नाही.

लेस्टरची_ताई

फिट नोट जुलैत संपली. त्याने नवी मागितलीच नाही. उद्या सर्जरीला (जीपीच्या दवाखान्यात) फोन करते.

पत्राचा मसुदा केलाय. सुरुवात अशी आहे: "माझा भाऊ भेट विसरला याबद्दल आम्ही दिलगीर आहोत, परंतु त्याची परिस्थिती लक्षात घेता कृपया दया दाखवावी..."

पाटी_पेन्सिल

हे सगळं काढा. दया मागायची नाही, कायद्यातला प्रश्न एवढाच आहे की न येण्याला योग्य कारण होतं का. कारणांची यादी कायद्यात दिलेली नाही, म्हणून तुमचं कारण तुम्हीच उभं करायचं.

आणि "विसरला" हा शब्द तुमच्या हातून तरी जाऊ देऊ नका. तो विसरला नव्हता. त्याला आदल्या रात्री माहीत होतं, म्हणूनच तर झोप उडाली. "विसरलो" हे त्याने लाजेपोटी लिहिलं, कारण "मला घराबाहेर पडता आलं नाही" हे अनोळखी साहेबाला लिहिणं त्याहून जड होतं. हेच पत्रात लिहा, त्याच्या तोंडून, साध्या शब्दांत. जोडीला जूनमधल्या त्या नोंदीचा स्क्रीनशॉट आणि १११ च्या कॉलची नोंद. त्या कॉलचा अहवाल बहुधा जीपीकडे गेला असेल, सर्जरीला विचारा. फोनवर भेटी घेण्याचं कबूल करून न कळवता मोडलं, हा मुद्दा २०१० च्या समानता कायद्यातल्या वाजवी सोयींचा आहे. तोही एका ओळीत घाला.

नाही म्हणाले तर त्या उत्तरापासून एक महिन्यात ट्रायब्युनलकडे (न्यायाधिकरणाकडे) अपील. खात्यापासून स्वतंत्र आहे, फी नाही, वकील लागत नाही, सुनावणी फोनवरही मागता येते.

लेस्टरची_ताई

३० तारखेला संध्याकाळी तो माझ्याकडे आला होता. "विसरलो" का लिहिलंस म्हणून विचारलं. बराच वेळ वाटीतली आमटी ढवळत बसला, मग म्हणाला, "खरं लिहिलं असतं तर त्यांनी वेडा म्हटलं असतं." तेच वाक्य पत्रात घातलं. इंग्रजी त्याचंच, मी फक्त टाइप केलं.

त्याच रात्री जर्नलमध्ये टाकलं. उद्या ११.२० ला भेट आहे. फोनवरच मागितली होती, पण या एका वेळी या म्हणाले. मी सुट्टी टाकली आहे. आत मला त्याच्याशेजारी बसू देतात ना?

पाटी_पेन्सिल

सोबत कोणी आलं तर चालतं. आज रात्रीच जर्नलमध्ये लिहून ठेवा की बहीण येणार आहे. आणि ९.१० च्या वेळचं कोणी काढलंच तर तुम्ही उत्तर देऊ नका, त्याला देऊ द्या.