बुरशीच्या एखाद्या जनुकामुळेच रोग होतो, हे सिद्ध कसे करतात?

प्रश्न

कॅन्डिडा अल्बिकन्स ही बुरशी अनेक निरोगी माणसांच्या तोंडात आणि आतड्यात उपद्रव न करता राहते, पण प्रतिकारशक्ती खालावल्यावर तीच रक्तात शिरून जीवघेणी ठरू शकते. तिचे एखादे जनुक काढल्यावर उंदराला रोग झाला नाही, तर ते जनुक रोगाचे कारण होते असे म्हणता येईल का? बुरशीची वाढच खुंटली असेल, तर निष्कर्ष चुकणार नाही का?

प्रतिसाद १

आपली शंका रास्त आहे. सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ स्टॅन्ली फाल्को यांनी १९८८ मध्ये मांडलेल्या कसोट्यांनुसार जनुक निकामी केल्यावर रोगकारकता घटली पाहिजे आणि तेच जनुक परत बसवल्यावर ती पुन्हा दिसली पाहिजे. या बुरशीत प्रत्येक गुणसूत्राच्या दोन प्रती असल्याने जनुकाच्याही दोन्ही प्रती काढाव्या लागतात. त्यासाठी खूणजनुक म्हणून, म्हणजे बदल झालेल्या पेशी ओळखता याव्यात म्हणून काढलेल्या जनुकाच्या जागी बसवायचे जनुक म्हणून, यूआरए३ फार वापरले गेले. ते युरॅसिल (आरएनएचा एक घटक) तयार करण्यासाठी लागते, आणि गुणसूत्रावर ते कुठे बसले आहे त्यानुसार त्याची क्रिया कमीजास्त होते. त्यामुळे उंदरात बुरशी दुबळी पडली ती काढलेल्या जनुकामुळे की अपुऱ्या यूआरए३मुळे, हे कित्येक जुन्या प्रयोगांत सांगता येत नाही. माझ्या मते, खूणजनुकाची जागा न सांगणारा प्रयोग जपूनच वाचावा.

प्रतिसाद २

वाढ आणि रोगकारकता वेगळी करून दाखवणारे उत्तम उदाहरण म्हणजे ईसीई१. बुरशी यीस्टच्या रूपातून तंतूंच्या रूपात जाते तेव्हा हे जनुक जोरात चालते. ते काढले तरी तंतू नेहमीसारखेच वाढतात, ऊतीला चिकटतात, आतही शिरतात, मात्र माणसाच्या पेशींना इजा होत नाही. या जनुकाच्या प्रथिनातून कॅन्डिडालायसिन हे पेशींचे आवरण भेदणारे विष सुटते, हे २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. ते विष एकटे पेशींवर घातले तरी इजा होते, हा पुरावा मला सर्वांत भक्कम वाटतो.

प्रतिसाद ३

यात माणसाची जनुकेही धरावीत. कार्ड९ या बुरशीविरुद्धच्या प्रतिकारशक्तीसाठी लागणाऱ्या जनुकाच्या दोन्ही प्रती सदोष असलेल्या व्यक्तींना, प्रतिकारशक्ती दडपणारी औषधे चालू नसतानाही, कॅन्डिडाचा संसर्ग मेंदूपर्यंत होऊ शकतो; म्हणून उंदरातला निष्कर्ष कोणत्या प्रतिकारशक्तीच्या उंदरात काढला, हेही विचारावे.