मदत हवी आहे: नवीन घराच्या स्लॅबवर इन्सुलेशन घालून घ्यावं का? (बेळगुंदी, ता. बेळगाव)

शेवंती_बेळगुंदी

नमस्कार मंडळी,

बेळगुंदीत घर बांधतोय. तीन गुंठे जागा, ११०० चौरस फुटांचा स्लॅब. जोतं पुरं झालंय, खांब उभे राहिलेत, स्लॅब भरायला अजून तीन आठवडे आहेत. विटा उतरवलेल्या नाहीत, म्हणजे मन बदलायला अजून वाव आहे. म्हणून गडबडीनं लिहितेय.

गेल्या आठवड्यात कंत्राटदार आले आणि चहा पिता पिता त्यांनी एक कागद पुढं सरकवला. "वहिनी, आत्ता करून घेतलं तर घर जन्मभर गार." कागदावर तीन कलमं. स्लॅबवर ७५ एमएमचे एक्सपीएस (उष्णता अडवणारा घट्ट फोम) शीट आणि त्यावर काँक्रीट, १ लाख २० हजार जादा. नऊ इंची विटांऐवजी आठ इंची एएसी ब्लॉक (हलके, सच्छिद्र सिमेंटचे ठोकळे), ४० हजार जादा. डबल काचेच्या खिडक्या, ६५ हजार. सगळे मिळून सव्वादोन लाख.

घरात दोन तट पडलेत. आमचे हे म्हणतात, एकदाच घर बांधतोय, होऊन जाऊ दे. मामंजी म्हणतात, "आमच्या घराला कुठलं इन्सुलेशन होतं? झोपलो नाही काय आम्ही?" त्यांचं खरं आहे. जुनं घर दगड-मातीचं, दोन फुटी भिंती, वर कौलं, पोटमाळ्यावर भाताचं पिंजर. मे महिन्यात भर दुपारी माजघरात पाय टाकला की गारवा लागायचा. पण ते घर आता राहिलं नाही आणि नवं घर स्लॅबचंच होणार.

आधीच कर्ज काढलंय. सव्वादोन लाखांत स्वयंपाकघराचे ओटे, कपाटं सगळं होतं. बेळगावच्या हवेला हे लागतं का? लागत असेल तर तिन्हीतलं नेमकं काय? ज्यांनी करून बघितलंय त्यांनी सांगा. नुसतं "करा, चांगलं असतं" नको.

अथणीचा_पाहुणा

अक्का, डोळे झाकून करा. आमच्याकडं मार्चपासून चाळीसच्या आसपास पारा. रात्री अकराला स्लॅबला हात लावला तर चटका बसतोय. चार वर्षं झाली, उन्हाळ्यात खाली कोण झोपत नाही. संध्याकाळी गच्चीवर दहा बादल्या पाणी मारायचं, मग अंथरूण. बांधताना कुणी सांगितलं असतं तर मी दागिने मोडून घातलं असतं.

खानापूरवाली

अथणी आणि बेळगुंदी एका जिल्ह्यात असली तरी हवा एक नाही हो दादा. तिकडे ऊन, इकडे पाऊस. बेळगुंदी म्हणजे राकसकोप धरणाच्या अंगाला, तिथं जून ते सप्टेंबर भिंती वाळत नाहीत. ताई, तुमची खरी काळजी ओल असायला हवी.

आमचं सांगते. आम्ही स्लॅबच्या खालच्या बाजूनं इन्सुलेशन करून घेतलं, वर पीओपीचं सीलिंग. दिसायला झकास. दोन पावसाळे काही कळलं नाही. तिसऱ्या वर्षी श्रावणात रात्री दोनला बेडरूममध्ये धप्पकन आवाज झाला, उठून बघते तर सीलिंगचा चार फुटांचा तुकडा पलंगावर, आणि त्याच्या मागं काळी बुरशी. स्लॅब कधीचा गळत होता, पाणी आतल्या आत मुरत होतं. उघडा स्लॅब असता तर पहिल्याच पावसात डाग दिसला असता. करून देणारा फोन उचलत नाही, ते वेगळंच.

काहीही करा, पण स्लॅबचं पोट झाकू नका.

स्लॅब_आणि_चहा

सिव्हिलमध्ये बावीस वर्षं झाली, बेळगाव-चिकोडी भागातच. जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

खिडक्यांवर आधी काट मारा. डबल काच म्हणजे एसी लावून बंद ठेवलेल्या खोलीचं काम. तुमच्याकडे एप्रिलमध्येसुद्धा रात्री पश्चिमेकडून वारं सुटतं. ते आत घ्यायचं की काचेबाहेर ठेवायचं?

आता छत. एकमजली घरात उन्हाचा मोठा मारा छतावर, कारण उन्हाळ्यात सूर्य डोक्यावर असतो. पाच इंची काँक्रीट उष्णता अडवत नाही, नुसती उशिरा पोचवते. दुपारी वरून तापलेला स्लॅब आतल्या बाजूनं संध्याकाळी सहा-सातला कडक होतो आणि मग मध्यरात्रीपर्यंत खाली ओकत राहतो. बेळगावात खरी गंमत हीच आहे, बाहेर शाल घ्यावी असं वारं आणि आत पंखा लावला की गरम हवा अंगावर.

उष्णता किती आरपार जाते ते यू-व्हॅल्यूवर मोजतात. आकडा जितका कमी तितकं बरं. उघडा पाच इंची स्लॅब साडेतीनच्या वर. त्यावर चार इंची विटांच्या तुकड्यांचा कोबा घातला तरी अडीचच्या आसपासच, आणि त्या कोब्याचं वजन चौरस मीटरला पावणेदोनशे-दोनशे किलो, ते खांबांवर येतं. २५ एमएमचं एक्सपीएस घातलं की आकडा ०.९ वर येतो. ५० एमएमला ०.५. ७५ एमएमला ०.३५. बघा, पहिल्या इंचानं सगळी कमाई केली. केंद्राच्या इको निवास संहितेत, म्हणजे घरांच्या ऊर्जा-बचतीच्या २०१८ च्या नियमांत, छताला जास्तीत जास्त १.२ म्हटलंय. आपल्या एवढ्याशा घराला ती बंधनकारक नाही, पण मोजपट्टी म्हणून धरा. ७५ चा आग्रह कशासाठी ते कंत्राटदारांना विचारा, मी बोलत नाही. मजुरी तीच लागते म्हणून मी २५ ऐवजी ५० घालायला सांगतो, त्यापुढे नाही.

घालायचंच तर स्लॅबच्या वरून. उतार काढून वॉटरप्रूफिंग, मग गच्चीत दोन-तीन दिवस पाणी साठवून खालून तपासणी, ओल नाही याची खात्री झाली की शीट, त्यावर जिओटेक्स्टाइल (पाणी झिरपू देणारं जाड कापड), जाळी घालून काँक्रीट, आणि वर पांढऱ्या टाइल्सचे तुकडे. साधा पॅकिंगचा थर्माकोल कुणी खपवत असेल तर हाकला. तो दबतो, पाणी पितो.

एएसी ब्लॉक: उष्णतेला वीट एक असेल तर ब्लॉक तिप्पट-चौपट चांगला, हलकाही. पण पाणी पितो. खांब आणि ब्लॉकच्या सांध्यावर जाळी न मारता गिलावा केला की चीर पडते, आणि तुमच्या पश्चिमेच्या झोडपणाऱ्या पावसात त्या चिरेतून ओल थेट आत. मिस्त्री ब्लॉकमध्ये मुरलेला नसेल तर विटाच बऱ्या.

आणि मामंजींना सांगा, पोटमाळ्यावरचं पिंजर हेच इन्सुलेशन होतं. त्यांच्याकडे होतं, फक्त नाव नव्हतं.

शेवटचं, खरं तर हे पहिलं विचारायला हवं होतं: पुढं वर मजला चढवणार आहात का?

निपाणीकर_७

पश्चिमेला काय येतंय ताई? बेडरूम असेल तर छताइतकाच तोही घोर.

शेवंती_बेळगुंदी

मामंजींना वाचून दाखवलं. पिंजराचं ऐकून दिवसभर खुशीत आहेत, आल्यागेल्याला सांगतायत.

साहेब, तुम्ही बरोबर नस पकडली. धाकट्या दिरांचं लग्न ठरतंय, पाच-सहा वर्षांत वर त्यांचा मजला घ्यायचाय. खांबांच्या सळ्या वर ठेवायचं आधीच ठरलंय. मग एक्सपीएसचं काय होईल? पश्चिमेला आमची झोपायची खोली आणि देवघर.

स्लॅब_आणि_चहा

मग थांबा. वर मजला आला की आजचं छत उद्याची जमीन. तिथं इन्सुलेशनचा उपयोग शून्य, उलट भिंत बांधायची त्या ओळीतलं सगळं फोडावं लागेल, आणि फोडताना वॉटरप्रूफिंग जाईल. पाच वर्षांसाठी सव्वा लाख गाडू नका. गच्चीवर सावली करा. पत्र्याची शेड. पुढं उतरवून आणखी वर चढवता येते. स्लॅबवर ऊनच पडलं नाही तर अडवायचं काय?

शेवंती_बेळगुंदी

शेडचं ऐकून मला आमच्या भावाचं अनगोळचं घर आठवलं. त्याच्या अर्ध्या गच्चीवर शेड आहे, कपडे वाळवायला म्हणून घातलेली, अर्धी गच्ची मोकळी. भाऊ मोटारसायकल दुरुस्त करतो, त्याच्याकडे इंजिनाचं तापमान बघायची लाल ठिपक्याची गन आहे. काल रविवार होता, गेलेच.

संध्याकाळी सात. मोकळ्या गच्चीखालच्या खोलीत छतावर ठिपका धरला: ३९. शेडखालच्या खोलीत: ३३. मला वाटलं हात हलला, परत धरला, तेच. रात्री नऊला अंगणात २६ आणि पहिल्या खोलीचं छत अजून ३७. वहिनी म्हणाली, "म्हणूनच पोरं त्या खोलीत अभ्यासाला बसत नाहीत, मी उगीच ओरडत होते."

एकच स्लॅब, एकाच दिवशी भरलेला. आता माझं मन शेडकडे झुकलंय. पण पश्चिमेच्या भिंतीचं काय करू?

निपाणीकर_७

पडवी. पश्चिमेला सहा फुटांची पडवी काढा, कौलाची. दुपारनंतरचं तिरकं ऊन भिंतीला लागणार नाही आणि पावसाचं झोडपणंही. आमच्या आजोबांच्या पिढीला एवढं कळत होतं, आपण मधेच चौकोनी डबे बांधायला लागलो. तीन गुंठ्यांत सहा फूट जागा सुटते का ते बघा. नाहीतर किमान दोन-अडीच फुटांचा छज्जा तरी सलग.

टिळकवाडी_तिसरी_गल्ली

एक व्यवहाराचं बोलतो. सरकारच्या गृहज्योती योजनेत २०० युनिटपर्यंत वीज माफ असली तरी ती प्रत्येकाच्या सरासरी वापरावर बांधलेली असते. घर तापलं म्हणून एसी लावला की एक टनाचा एसी तासाला साधारण पाऊण ते एक युनिट खातो. महिना धरून बघा. शेडचा खर्च तिथूनही वसूल होतो. पण शेडला आधी ग्रामपंचायतीत विचारा, नंतर नोटीस नको.

कंग्राळीचा_पत्रा

शेड करा, पण माझ्यासारखी करू नका. दोन वर्षांपूर्वी वळिवाच्या पहिल्या झोताला माझे सात पत्रे उडाले. एक शेजाऱ्याच्या गोठ्यावर, एक थेट उसात. देवाच्या कृपेनं म्हैस वाचली. मी पैसे वाचवायला चार फुटांवर पर्लिन (पत्र्याखालचे आडवे पाइप) घातले होते, आणि कडेच्या पत्र्यांना हुक नव्हते, नुसते स्क्रू. कडेलाच वारा आतून उचलतो. तिथं दुप्पट मारा.

आणि पावसाचा आवाज! पहिल्या रात्री झोप येणार नाही. नंतर सवय होते. पाहुण्यांना होत नाही.

शेवंती_बेळगुंदी

घरात बोलणं झालं. ७५ एमएम रद्द, खिडक्या रद्द, ब्लॉक रद्द. खानापूरच्या भट्टीच्या विटाच येतील. कंत्राटदार जरा गप्प झाले, पण शेडचं काम त्यांच्या मेव्हण्याकडेच आहे असं कळलं, तेव्हा खुलले. पश्चिमेला साडेपाच फुटांची पडवी बसते, मामंजींनी जुनी कौलं जपून रचून ठेवलीत, तीच चढवायची म्हणतात. निम्मी तरी धड निघतील.

शेड यंदा की पुढच्या वर्षी हे पैशांवर. तोवर गच्चीला चुना मारणार. शेडसाठी आत्ता काही करून ठेवायला हवं का?

स्लॅब_आणि_चहा

हो, आणि तेवढ्यासाठी बरं झालं विचारलंत. नंतर शेडवाला येतो, स्लॅबला भोकं पाडून पाइप उभे करतो आणि प्रत्येक भोकातून पाणी. तुमचे खांब वर जाणारच आहेत, तर स्लॅबच्या वर दीड-दोन फूट खांब भरून घ्या आणि त्यांच्या माथ्यावर बेसप्लेटचे (पाइपाच्या बुडाच्या लोखंडी पट्टीचे) बोल्ट काँक्रीट ओलं असतानाच सोडा. शेडचे पाइप त्यावर उभे राहतील, गच्चीला एकही भोक नको. पुढच्या मजल्याच्या सळ्या प्लेटच्या बाजूनं वर राहतील असं आखा, आणि त्यांना सिमेंटचा घट्ट लेप देऊन ठेवा, नाहीतर पावसाळ्यांत गंजत जातात.

चुन्याचं मात्र दरवर्षी होळीच्या सुमारास करा. आपल्याकडे पावसाळ्यात शेवाळ चढून गच्ची काळी होते, आणि काळ्या गच्चीवर चुना मारल्याचं पुण्य काही उरत नाही. आधी घासून घ्या.

खानापूरवाली

आणि पाणी साठवून तपासायचं विसरू नका. शेड होणार म्हणून मिस्त्री तिथंच टाळाटाळ करतो.

शेवंती_बेळगुंदी

बोल्टचं लिहून घेतलं. परवा सेंट्रिंगवाले येतायत, त्यांना खांब कुठले ते खडूनं खूण करून ठेवते. आठ खांब आहेत, पण जिन्याकडचे दोन सोडले तर शेडला सहा पुरतील ना?

कंग्राळीचा_पत्रा

जिन्याकडचे सोडू नका. माझे उडालेले पत्रे जिन्याकडचेच होते.