मदत हवी आहे: स्थिर छायाचित्रांचा कालावधी वाढवला की त्यांचा झूम मध्येच थांबतो

नमस्कार. ७२ छायाचित्रे आणि आधीच ध्वनिमुद्रित करून ठेवलेले बरोबर सहा मिनिटांचे निवेदन, असा एक व्हिडिओ मी तयार करत आहे. टाइमलाइन (क्लिप क्रमाने मांडायची पट्टी) २५ फ्रेम प्रतिसेकंद आहे, म्हणजे एका सेकंदात २५ चित्रे. प्रत्येक छायाचित्राला ५ सेकंद दिले की ३६० सेकंद भरतात, इतका सोपा हिशोब मनात धरून मी कामाला लागलो. सॉफ्टवेअरचे नाव मुद्दाम देत नाही, कारण नाव दिले की चर्चा ‘ते सोडा, हे वापरा’ या वळणावर जाते.

आधी काय काय झाले ते सांगतो, म्हणजे तेच उपाय पुन्हा सुचवावे लागणार नाहीत. पहिल्यांदा सगळी छायाचित्रे ४ सेकंदांची आली. सेटिंगमध्ये जाऊन कालावधी बदलला, तरी काही फरक पडला नाही. कारण तो आकडा छायाचित्र इंपोर्ट करतानाच त्याला चिकटतो आणि नंतरचा बदल फक्त नव्याने आणलेल्या फाइलींना लागू होतो. म्हणून सगळी छायाचित्रे काढून पुन्हा आणली, तर ७२ छायाचित्रांची मिळून २ सेकंद २२ फ्रेमची एकच क्लिप झाली. फाइलींची नावे ००१, ००२ अशी क्रमाने होती आणि ‘इमेज सिक्वेन्स’च्या (क्रमाने नावे असलेली चित्रे एकेका फ्रेमची धरून त्यांची सलग क्लिप करणे) चौकटीत खूण राहून गेली होती. ती काढली, तर प्रत्येक छायाचित्र ६ सेकंदांचे! सेटिंगमधला आकडा सेकंदांत नसून फ्रेममध्ये होता आणि मी ३० फ्रेम प्रतिसेकंदाच्या हिशोबाने १५० लिहिले होते. ते १२५ केल्यावर एकदाचे ३६० सेकंद जुळले.

त्यानंतर सुमारे तीस छायाचित्रांना मी हाताने कीफ्रेम (झूम कुठे सुरू व्हावा आणि कुठे संपावा हे ठरवणाऱ्या खुणा) लावून सावकाश झूम दिला, प्रत्येकात वेगळ्या ठिकाणी, कारण कुठे चेहरा महत्त्वाचा होता तर कुठे कोपऱ्यातली पाटी. सर्वांत शेवटी एकेका सेकंदाचे क्रॉसफेड (एक चित्र विरत असतानाच पुढचे उमटणे) घातले आणि व्हिडिओ ४ मिनिटे ४९ सेकंदांवर आला. या सॉफ्टवेअरमध्ये क्रॉसफेड घातला की पुढची क्लिप मागच्या क्लिपवर सरकते. म्हणजे ७१ सांध्यांनी ७१ सेकंद खाल्ले. गंमत अशी, की चुकून आलेले ते ६ सेकंदच तसेच ठेवले असते, तर एकूण ३६१ सेकंद भरले असते आणि हा प्रश्न विचारण्याची वेळच आली नसती.

आता प्रत्येक छायाचित्र ६ सेकंदांचे करायचे आहे, पण झूमचे काम वाया जाईल म्हणून पुन्हा इंपोर्ट करणे शक्य नाही. सगळ्या क्लिप निवडून कालावधी बदलला, तर पुढची क्लिप वाटेत उभी असल्यामुळे त्या वाढतच नाहीत. ‘रिपल’ (पुढच्या क्लिप आपोआप पुढे सरकवणारा पर्याय) चालू केल्यावर वाढतात, परंतु कीफ्रेम जुन्याच जागी राहतात. त्यामुळे झूम पाचव्या सेकंदाला थांबतो आणि शेवटच्या सेकंदात, नेमका क्रॉसफेड चालू असताना, चित्र गोठल्यासारखे दिसते.

दुसरा प्रयत्न म्हणून सगळी छायाचित्रे एका नेस्टेड क्लिपमध्ये (अनेक क्लिप एकत्र करून बनवलेल्या एकाच क्लिपमध्ये) घालून तिचा वेग सुमारे ८० टक्के केला. लांबी जुळली आणि झूमही शेवटपर्यंत पोहोचला. मात्र दर सेकंदाला साधारण पाच फ्रेम दोनदा दाखवल्या जात असल्यामुळे तो झूम धक्के खात चालतो. स्थिर छायाचित्रांत ते नजरेला फार टोचते.

क्लिपची लांबी वाढवताना कीफ्रेमही त्याच प्रमाणात ताणले जातील, असा पर्याय आपल्यापैकी कोणी वापरला आहे का? तो नसेल, तर निवडलेल्या अनेक क्लिपमधले शेवटचे कीफ्रेम एकाच वेळी २५ फ्रेम पुढे सरकवता येतात का? क्रॉसफेड काढून ती छायाचित्रे एकाआड एक दोन ट्रॅकवर ठेवून अपारदर्शकता कमी-जास्त करण्याचाही विचार केला आहे, पण त्यातही कालावधी वाढवावाच लागेल, त्यामुळे मूळ अडचण तशीच राहते. प्रोजेक्टची प्रत काढून ठेवली आहे, तेव्हा मोडतोड करणारा उपाय असला तरी मोकळेपणाने सुचवावा.